अकरा सेकंदांचे हात

एफी पेट्रीला टीव्हीतल्या माणसांचं कधी कौतुक वाटलं नाही. येतात, रडतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि जातात. तिची नजर जायची ती त्यांच्या पाठीमागे. खिडकीखालच्या टेबलावर, पोराच्या पलंगाशेजारच्या फळीवर, बँकेतल्या कारकुनाच्या कोपराशी. तिथे कधीमधी तो असायचा. काळा, चपटा, वहीपेक्षा जरासा मोठा, आणि उजव्या अंगाला चांदीचा एवढासा चंडोल चिकटवलेला. लार्क. घरच्या टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर. चाळीस बटणं.

एके काळी असे दोनशे लार्क दिवसाला एफीच्या हाताखालून जायचे. डंडीच्या त्या कारखान्यात साडेतीन वर्षं ती शेवटच्या टेबलावर बसली होती. तिच्या हातून सुटला की लार्क खोक्यात, खोकं ट्रकमध्ये आणि ट्रक टे नदीच्या पुलावरून पलीकडे. पोटच्या चार पोरांची लग्नं झाली तेव्हा ती कुठे नांदतात हे एफीने जाऊन बघितलं होतं. पडदे कसे आहेत, नळ गळतो का, सासू तोंडाळ आहे का. या काळ्या पोरांचं मात्र तिला काही कळलं नाही. म्हणून म्हातारपणी, दुपारी पडदे ओढून जुन्या मालिका लावल्या की ती त्या घराघरांतून हिंडायची. नवराबायको पुढे भांडत असायचे आणि एफी त्यांच्यामधून वाट काढून मागच्या खोलीत शिरायची. तिथे टेबलावर हा बसलेला. अंगावर धूळ आहे की नाही ते बघायची. कुणी कपबशी ठेवली असली तर तिचा जीव वरखाली व्हायचा. मग दृश्य बदलायचं आणि कुणीतरी हळूच दार लावून घेतल्यासारखी ती परत आपल्या हिलटाऊनच्या खोलीत यायची.

गेल्या ऑक्टोबरपासून मात्र बघण्याचा मधला भाग गेला होता.

अंधार नव्हता तो. चहाच्या किटलीची वाफ आरशावर धरावी तसं काहीतरी, अगदी बघायच्या जागी. पोस्टमन आला की त्याचे बूट दिसायचे, टोपी दिसायची, तोंडाच्या जागी वाफ. आणि त्या वाफेत मग भलतंच काही दिसायला लागायचं. निळा झगा घातलेल्या टीचभर बायका शेकोटीवरच्या फळीवरून एकामागे एक शिफ्टला चालल्यासारख्या जायच्या. भिंतभर बटणांच्या रांगा उगवायच्या. एकदा सिंकमध्ये गवत डुलत होतं. इतकं स्वच्छ, इतकं हिरवं, की खऱ्या गोष्टीही हल्ली तिला तितक्या स्वच्छ दिसत नव्हत्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, डोक्यात काही बिघाड नाही, रिकाम्या जागेत डोळे आपले आपण काहीतरी भरतात. एफीने मान डोलावली, कागद पर्समध्ये घातला आणि घरी येऊन चिमट्याने शेकोटीत टाकला. लेकीला सांगितलं असतं तर लेक दुसऱ्या दिवशी ब्रॉटी फेरीला आपल्या घरी घेऊन गेली असती, आणि जावयाच्या घरी एफी पेट्री जेवणाची घंटा वाजायची वाट बघत बसणार नव्हती.

त्यात ‘कोपरेवाल्यां’चा प्रश्न होता.

लॉखीच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी सहासात जणं जमायची. गावात त्यांना कोपरेवाले म्हणायचे, कारण ही मंडळी जुने सिनेमे आणि मालिका लावून फक्त कोपरे बघत. कुठल्या दृश्यात कुठला जुना कॉम्प्युटर आहे याची त्यांची मोठी वही होती. वही सांभाळायचे स्टरॉक मास्तर. गणित शिकवून निवृत्त झालेले, घरातही सायकलची चिमटी पँटला लावून बसणारे. त्यांचे नियम कडक. आवाज बंद ठेवायचा, नाहीतर गोष्ट माणसाला ओढून नेते. दिसलं की तोंडाने बोलायचं नाही, पेन्सिल वर करायची. आणि निदान दोघांनी आपापलं पाहिल्याशिवाय वहीत ओळ पडायची नाही. यंत्र खरं चालू होतं की नुसतं पोकळ झाकण ठेवलं होतं, कोण चालवत होतं, कोणी पाहिलं. सगळ्याचे रकाने.

या मंडळात एफीचा दरारा होता. झाकणाच्या कडेवरून ती सांगायची, हा पहिल्या वर्षीचा, हा नाताळच्या घाईतला. मास्तरसुद्धा तिच्यासमोर चष्मा पुसून घेत. आता ऑक्टोबरपासून ती काय करत होती ते तिचं तिला माहीत. शेजारी नेटा लॅमंड बसायची. कारखान्यात त्याच टेबलावर समोरासमोर बसलेली, चाळीस वर्षांची मैत्रीण, आणि तेवढीच वर्षं कटकट. नेटाच्या बाहीचा आवाज झाला, पेन्सिल वर गेली, की एफीची पेन्सिलही वर. असं एकोणीस वेळा. मोजलं होतं तिने.

पण फेब्रुवारीत मास्तरांचा फोन आला. “पेट्रीबाई, न्यूकॅसलच्या एका बाईंच्या माळ्यावर पेटी सापडलीय, टीव्हीवरून भरून घेतलेल्या टेपांची. त्यात ती मालिका आहे. तुमच्या यजमानांची.”

एफीने फोन ठेवला आणि किती वेळ हात त्याच्यावरून काढला नाही.

डंडीत बायका कामाला जायच्या आणि नवरे घरी असायचे. तागाच्या गिरण्यांच्या काळापासून तसंच. अशा नवऱ्यांना गाव ‘किटलीवाले’ म्हणायचं. बायको शिफ्टवरून यायच्या वेळेला किटली चुलीवर ठेवायची, एवढंच त्यांचं काम, असा गावाचा समज. गोदी बंद पडल्यावर डॉड पेट्री किटलीवाला झाला. उंच, वाकून चालणारा, बोलताना आधी हसणारा माणूस. पोरं त्यानेच वाढवली. पोळलेल्या कढया त्यानेच घासल्या. एफी शिफ्ट करून यायची आणि खुर्चीत बसून पाय पुढे करायची.

चौऱ्याऐंशी सालच्या वसंतात टीव्हीवाले आले. अंतराळातल्या लोकांची मालिका होती आणि त्यांना एक दूरच्या ग्रहावरचा तुरुंग पाहिजे होता. त्यांनी गावातली बंद गिरणी घेतली. एफीच्या आईने त्या गिरणीत छत्तीस वर्षं काढली होती. तुरुंग बनवायला त्यांना फारसा रंग लागला नाही, असं एफी म्हणायची. डॉड कैद्यांच्या घोळक्यात उभं राहायला गेला आणि संध्याकाळी परत आला तो जिन्यातूनच हाका मारत. त्यांच्या मुख्य नटाला यंत्र चालवता येईना. कुणाला येतं का, असं विचारलं, आणि डॉडने हात वर केला. “एफे, नायकाचे हात म्हणजे माझे हात! तोंड त्याचं, हात माझे!”

मालिका ऑक्टोबरात लागली. त्या बुधवारी एफीने शिफ्ट बदलून घेतली होती. जिन्यातले सगळे शेजारी त्यांच्या घरात, बावीस माणसं. पोरं जमिनीवर, म्हाताऱ्या पलंगावर, सॉसेजच्या गुंडाळ्या हातोहात फिरतायत. वेळ झाली आणि टीव्हीवर फुटबॉल चालूच. सामना लांबला. लांबला म्हणून इकडच्या भागात मालिका दाखवलीच नाही. पुढच्या आठवड्यात थेट पुढचा भाग. तो राहिला तो राहिलाच. कधी परत लागला नाही, आणि कंपनीने टेपही पुसून टाकली असं नंतर कुणी सांगितलं.

त्या बुधवारी लोक हसायला लागले. वरच्या मजल्यावरचा म्हणाला, “डॉड, तुझे हात ज्यादा वेळेत खेळायला गेले बघ!” आणि हसणाऱ्यांत मागे राहायला नको म्हणून, का कशाला कोण जाणे, एफी बोलून गेली. “याचे हात किटलीशिवाय कशाला लागलेले मी तरी बघितले नाहीत बाई. टीव्हीचं सोडा.”

खोली फुटली हसून. डॉडही हसला. मग उठला, स्वयंपाकघरात गेला आणि बावीस माणसांसाठी किटली ठेवली.

त्यानंतर तेरा वर्षं तो जगला. हातांची गोष्ट त्याने एकदाही काढली नाही. आणि ते वाक्य एफीने मागे घेतलं नाही. आज घेऊ, उद्या घेऊ. खरं तर तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, तो खरं बोलत होता की नाही. तो गेल्यावर मात्र हा प्रश्न तिच्या उशाखाली राहायला आला. खरं असेल, तर तिने बावीस माणसांत त्याचा एकुलता एक मान काढून घेतला होता. त्याच्या थडग्यापाशी जाऊन माफी मागायला तिची ना नव्हती. पण न केलेल्या गुन्ह्याची माफी मागणाऱ्यांतली ती नव्हती. आधी बघायचं होतं.

मार्चच्या पहिल्या शनिवारी लेक लॉर्ना तिला गाडीतून घेऊन आली आणि वाचनालयाच्या दारात सोडून जाण्याऐवजी आत येऊन बसली.

“तू कशाला?” एफी म्हणाली. “तुला ही खुळ्यांची जत्रा वाटते ना?”

“बाबांचं आहे म्हणून बसतेय. आणि आहेच खुळ्यांची.”

“कोट काढ मग. खुळ्यांच्यात कोट घालून बसत नाहीत.”

पलीकडून नेटाने मिंटची गोळी पुढे केली. “घे गं लॉर्ना. तुझी आई आज देवळात आल्यासारखी नटलीय. ब्रोच बघ.”

“तुझ्या तोंडात गोळी असते तेव्हा तू बरी असतेस नेटा. घाल अजून एक.”

मास्तरांनी पडदे ओढले. आवाज बंद केला. खोलीत फक्त रेडिएटरची टिकटिक राहिली. पडद्यावर करडे बोळ सुरू झाले, लोखंडी जिने, धूर. एफीला कडा दिसत होत्या. वरून लोंबणारी साखळी, खाली ओल्या फरशीवरचा उजेड. गिरणीतला तो वास तिच्या नाकात आला, तेलाचा आणि तागाच्या धुळीचा. आईच्या शालीचा. बोळामागून बोळ गेले आणि एफी चालत राहिली, मधोमध वाफ घेऊन, भिंतीला हात लावत लावत जावं तशी. कुठेतरी पुढे तो होता. चव्वेचाळीस वर्षांचा, तिच्या आताच्या वयापुढे पोरगाच.

नेटाची बाही वाजली. पेन्सिल वर.

आणि वाफेत हात दिसले.

डॉडचे हात. उघडे, लालसर, डाव्या अंगठ्यावर गोदीतल्या तारेने कापलेली पांढरी रेघ. मनगटावरचे केस सुद्धा वेगवेगळे मोजता आले असते. ते हात सावकाश हलत होते, पाण्यात असल्यासारखे. एफीची पेन्सिल अर्धी वर गेली.

तिथेच थांबली. चाळीस वर्षांपूर्वीची टेप, कुणाच्या माळ्यावर पडलेली. त्यात केस कसे मोजता येतील? असलं स्वच्छ तिला फक्त एकच गोष्ट दाखवत होती.

“पेट्रीबाई?” मास्तरांनी चित्र थांबवलं. सगळे तिच्याकडे बघत होते, हे तिला खुर्च्यांच्या आवाजावरून कळलं. “दिसले?”

हो म्हटलं असतं तर झालं असतं. नेटाची एक पेन्सिल, तिची एक, वहीत ओळ. गावभर झालं असतं, डॉड पेट्री खरा होता. फक्त एफीला ते कधीच कळलं नसतं.

तिने पेन्सिल मांडीवर ठेवली. “मला दिसत नाही.”

“मागे घेऊ का जरा?”

“मास्तर, मागे घ्या नाहीतर पुढे घ्या. मला मधलं दिसतच नाही. ऑक्टोबरपासून. कडेकडेचं दिसतं, मधे वाफ. आणि वाफेत मला पाहिजे ते दिसतं. त्यावर माझा भरवसा नाही.”

रेडिएटर टिकटिकत राहिला.

“आई,” लॉर्ना म्हणाली, अगदी हळू. म्हणजे चिडली होती. “आत्ता येताना गाडीत तू मला म्हणालीस, सिग्नल हिरवा झाला, चल.”

“मागच्याने हॉर्न वाजवला म्हणून म्हटलं.”

“देवा! आणि मला गेल्या महिन्यात म्हणालीस, केस कापलेस ते छान दिसतात!”

“दिसत असतीलच की.”

“मी कापले नव्हते!”

नेटाला हसू आवरेना. मग तिच्या काही लक्षात आलं आणि ती हसायची थांबली. “म्हणजे तू माझी पेन्सिल बघून... एफे, लबाडे! तू माझी नक्कल करत होतीस?”

“एकोणीस वेळा. मास्तर, ते एकोणीस खोडा. एकटी नेटाच साक्षीला आहे, आणि नेटाने एकदा पावाच्या डब्याला कॉम्प्युटर म्हटलं होतं.”

“एकदाच!” नेटा म्हणाली.

“नंतर भांडा,” एफी म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून बारीक निघाला. “आता मला कुणीतरी सांगा, ते हात काय करतायत.”

मास्तरांनी चष्मा पुसला. त्यांनी सांगायला सुरुवात केली तेव्हा वर्गात गणित सोडवून दाखवावं तसं सांगितलं. चौकटीत फक्त यंत्र आणि हात. तोंड नाही. यंत्र लार्कच, चालू आहे, मागच्या टीव्हीवर अक्षरं उमटतायत. एकूण अकरा सेकंद. “आणि हातात, पेट्रीबाई, हातमोजे आहेत. चंदेरी, मनगटापर्यंत.”

“मोजे,” लॉर्ना म्हणाली. सगळा वेळ ती पुढे वाकून बसली होती, ती मागे टेकली. “म्हणजे कुणाचेही असतील.”

“परत लावा हो मास्तर,” नेटा म्हणाली. लावलं. “अजून एकदा.” लावलं. आणि नेटाने दोन्ही गुडघ्यांवर थापा मारल्या. “अगं बाई! अगं, हा टाइप करत नाहीये! ही तर टेस्टिंग!”

“काय?” मास्तर म्हणाले.

“अहो, आमचं टेबल! लार्क समोर आला की टेस्टिंग. वरच्या रांगेवरून अंगठा डावीकडून उजवीकडे, एकेक बटण दाबत. मग खालची रांग, मग त्याच्या खालची. चार रांगा. शेवटी मोठं बटण दोनदा. आणि मग हे बघा, हे बघा आता, यंत्राची एक बाजू उचलतोय नि वाकडं करतोय! आत सुटा स्क्रू वाजतो का ते ऐकायला! कुठल्या ग्रहावर असतं हो असं? नायक गावाला वाचवायला निघालाय नि मधेच कॉम्प्युटर हलवून बघतोय!”

सगळे हसले. मास्तर सुद्धा. लॉर्ना सुद्धा, नको नको म्हणत. एफी हसली नाही.

हसणं ओसरलं तसं नेटाचा आवाज उतरला. “पण एफे... ही कारखान्यातली रीत. बाहेरच्या कुणाला ठाऊक नाही. आणि डॉड काही कारखान्यात कधी आला नाही. म्हणजे हे आपल्यातल्या कुणा बाईचे हात गं. आपण साठ जणी होतो. नेलं असेल त्यांनी कुणाला तरी.”

मास्तरांचं पेन वहीवर टेकलं. “‘कोण चालवतं’ या रकान्यात मग मी लिहितो, कारखान्यातली कामगार स्त्री, नाव माहीत नाही.”

“थांबा,” एफी म्हणाली.

हे सांगणं डोळ्यांपेक्षा जड होतं. डोळे वयाने जातात, त्यात कुणाची अक्कल काढता येत नाही.

“मी शिकवलं त्याला,” ती म्हणाली. “झाकणाला तडा गेलेला एक लार्क फोरमनने मला घरी न्यायला दिला होता. डॉड म्हणाला, एफे, हे चालवतात कसं? आता मला काय माहीत चालवतात कसं? पंधराव्या वर्षी शाळा सुटली माझी, तीही सुटायच्या आधीच मी सोडली होती. पण दिवसाला दोनशे यंत्रं माझ्या हाताखालून जातात आणि मला येत नाही असं मी नवऱ्याला सांगू? मी म्हटलं, हे असं. अंगठा असा धरायचा. आणि मला खरंच वाटायचं, नेटा, की असंच असतं. की लोक घरी नेऊन हेच करत असतील. रात्री पोरं निजली की आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसायचो आणि तो रांगा दाबायचा. टीव्हीवर सगळी अक्षरं ओळीने यायची. तो म्हणायचा, काय सुंदर दिसतं गं. तो माझ्यापेक्षा भरभर करायला लागला. शेवटचं हलवणं सुद्धा शिकवलं मी. कान लावून.”

एफीने मांडीवरची पेन्सिल परत हातात घेतली.

“लॉर्ना शाळेत कॉम्प्युटर शिकायला लागली तेव्हा मला कळलं ते कसं असतं. मग त्या बावीस लोकांत माझ्या मनात आलं, त्याने जर सांगितलं, मला एफीने शिकवलं, आणि कुणी विचारलं, काय शिकवलं? म्हणून मी बोलले. किटलीशिवाय त्याचे हात कशाला लागलेले बघितले नाहीत. खोटं बोलले. रोज बघत होते.”

नेटाने मिंटची गोळी कडकन फोडली. “मला तरी सांगायचंस. मीही घरी तेच करायचे.”

“तू पण?”

“मग काय! माझी सासू म्हणायची, चालतं ना, मग झालं.” तिने एफीच्या गुडघ्यावर हात ठेवला, मग काढून घेतला, कारण त्यांच्यात ती रीत नव्हती. “पण एफे, म्हणजे असे घरी शिकलेले नवरेही निघतील की गं अजून. आणि साठ बायका. मनाने मी म्हणते डॉडच. पण वहीला कसं म्हणू?”

मास्तरांनी पेन वहीवरून उचललं. नियम त्यांचा होता, आणि तो त्यांना या घडीला आवडत नव्हता, एवढं दिसत होतं. निदान कडेकडेने.

एफीने नाक ओढलं. आणि ब्रोच सरळ केला. “हात सोडा,” ती म्हणाली. “आपण कोपरेवाले आहोत का बटणवाले? हातांच्या भोवती काय आहे ते सांगा. नेटा नको. नेटा पावाचे डबे बघते. लॉर्ना, तू.”

“मला यातलं काही कळत नाही, आई.”

“म्हणूनच. आणि त्याला तू माझ्याइतकंच बघितलंयस.”

लॉर्ना उठली, खुर्ची घेऊन पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसली. मास्तरांनी चित्र एकेक पाऊल सरकवायला घेतलं. लॉर्नाचा आवाज आधी चाचरत, मग हळूहळू कुणाला झोपवताना गोष्ट सांगावी तसा येऊ लागला. मागे भिंत, तिला चंदेरी कागद लावलाय, एका ठिकाणी सुटलाय आणि खालची वीट दिसते. वरून दिव्याचा उजेड, निळा. टेबलाच्या कडेला नळी, व्हॅक्यूम क्लीनरची असावी. उजेडात धूळ उडतेय. धूळ फार छान दिसतेय, आई. एफीला दिसत होतं. तिने ती खोली कडेपासून आत बांधत आणली, वीट, नळी, धूळ.

“सदऱ्याची बाही चंदेरी, सोनेरी पट्टी. मोजा तिच्यात नीट घुसत नाहीये, हात लांब आहे. मधे इंचभर काहीतरी...” ती थांबली. “मास्तर, हे मोठं करता येतं? लोकर आहे. आत स्वेटर घातलाय कुणीतरी. तपकिरी. नाही, थांबा. डावा तपकिरी आहे. उजवा मोहरीसारखा पिवळा.”

एफीच्या हातातून पेन्सिल घरंगळली.

“आई? डावा तपकिरी, उजवा पिवळा. असं कोण करेल?”

“लोकर संपली होती,” एफी म्हणाली. “शेवटच्या मनगटाला संपली. दुकानात तो रंग परत आला नाही. मी त्याला निघताना बजावलं होतं, हा घालून जाऊ नकोस, परक्या माणसांत माझी लाज निघेल. काढतो म्हणाला. जिन्यात काढतो म्हणाला!” तिचा आवाज चढत गेला आणि मधेच कुठेतरी फाटला. “थंडी असते त्या गिरणीत. मला विचारा. आई मार्चमध्ये सुद्धा दोन शाली घ्यायची.”

नेटाने रुमाल शोधायला पर्स उलटी केली. मास्तर बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी वाचून दाखवलं. “यंत्र लार्क, चालू. कोण चालवतं, डॉड पेट्री, हिलटाऊन. कोणी पाहिलं...” त्यांनी वर बघितलं. “पेट्रीबाई, पहिलं नाव तुमचंच घालतो.”

“नाही. लॉर्ना आणि नेटा लॅमंड. मी पाहिलेलं नाही. मला सांगितलंय.”

“आई, काय फरक पडतो आता?”

“मला पडतो. त्याच्या बाबतीत एकदा खोटं बोलून झालंय.”

मास्तरांनी तिने सांगितलं तसं लिहिलं. मग विचारलं, पडदे उघडू का? बाहेर पाचचा उजेड अजून होता, वाचनालयाची बाई किल्ल्या वाजवत होती.

“अजून एकदा लावा,” एफी म्हणाली. “लॉर्ना, इकडे ये, माझ्या कानाशी बस. पहिल्या रांगेपासून सांग, घाई करू नकोस.”

चित्र सुरू झालं. वाफेत लगेच काहीतरी हलायला लागलं, उघडं, स्वच्छ, केसांसकट. एफीने डोळे मिटून घेतले.

“हं,” ती म्हणाली. “सांग.”